पेटीतली राखण

मी एक जुनी पाणसळ आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी हा शब्द ऐकलाही नसेल. गवंडी आणि फरशी बसवणारे मिस्त्री मला लेव्हल म्हणतात. हातभर लांबीची धातूची पट्टी, तिच्या मध्यावर काचेची एक छोटी नळी, नळीत पिवळसर द्रव आणि त्यात एक बुडबुडा, एवढाच माझा देह. मला फरशीवर ठेवले आणि बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध थांबला, तर फरशी सपाट. तो जरा इकडे-तिकडे सरकला, तर फरशी खोटे बोलते आहे असे समजावे.

तेव्हा संशय घेणे हाच माझा धंदा आहे. विश्वास असतो तिथे मला कोणी ठेवत नाही. शंका आली की माझी आठवण होते. अशी वर्षे काढली की स्वभावही तसाच बनतो, आणि माणसांकडेही मी त्याच नजरेने पाहू लागले. हे बरे की वाईट, ते मला अजून नीट ठरवता आलेले नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांब टेबलापाशी बसलेल्या एका बाईंनी माझी नळी भरली. त्या द्रवात पाणी नसते बरे का, थंडीत गोठू नये म्हणून स्पिरिट असते. म्हणजे पुढे ज्या बाटलीची हकिकत सांगणार आहे, तिची मी दूरची नातलगच लागते. हे सांगताना मला थोडी लाज वाटते, पण नातलग कुणाला निवडता येतात?

हार्डवेअरच्या दुकानात मला दादाने घेतले. दादा फरशीचा मिस्त्री. त्याने मला काउंटरवर ठेवून बुडबुडा पाहिला, मग टोकाकडून टोकाकडे फिरवून त्याच जागी पुन्हा ठेवले. खरी पाणसळ कशीही फिरवली तरी तेच सांगते, खोटी मात्र फिरवली की पकडली जाते.

"अहो, नवी कोरी आहे. कंपनीची आहे," दुकानदार म्हणाला.

"कंपनीलाही एखादा दिवस वाईट जातो," दादा म्हणाला आणि मला पुन्हा एकदा फिरवले.

मला वाटले, हा माणूस माझ्याच जातीचा आहे.

ते दिवस फार चांगले होते. आम्ही दवाखान्यांच्या, शाळांच्या, नव्या घरांच्या फरश्या बसवल्या. एका घरच्या आजीबाईंनी दिवाणखान्याच्या मधोमध काचेची गोटी ठेवली. ती जागची हलली नाही. "मिस्त्री, सोन्यासारखा हात आहे तुमचा," आजीबाई म्हणाल्या. दादाने माझ्याकडे बोट दाखवले आणि म्हटले, "हात माझा असेल, नजर हिची आहे." मित्रांनो, त्या कौतुकावर मी कितीतरी दिवस काढले.

दादाची एक गोष्ट मला इतर कामगारांच्या बोलण्यातून कळली होती. मी येण्यापूर्वी तो दारू पीत असे, आणि ती थोडीथोडकी नव्हे. मग एके दिवशी त्याने ती सोडली ती कायमची. "एक थेंब म्हणजे अख्खी बाटली," तो म्हणायचा. खोकल्याचे औषध घेतानासुद्धा त्यात काय काय आहे ते वाचल्याशिवाय झाकण उघडत नसे. कुणाकडे समारंभाला गेला, तर पिण्याचे पाणीही घरून नेत असे. लोक हसत. दादा हसत नसे.

त्याला एक बहीण होती. तिला तो धाकटी म्हणायचा. धाकटीचा नवरा, म्हणजे दादाचे भावोजी, हेही फरशीचेच मिस्त्री. नळाभोवती फरशी कापण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण तेही पीत. पूर्ण सोडायची असे त्यांनी अनेकदा ठरवले. काही आठवडे ते शब्द पाळत आणि मग कुठेतरी एक पेला घेत. एक घेतला की म्हणत, "आता मोडलंच आहे, मग राहिलं काय?" आणि पुढचा सबंध आठवडा वाहून जाई. शेवटी धाकटी मुलीला घेऊन आईकडे निघून गेली. दादाने भावोजींना आपल्या हाताखाली कामावर घेतले. प्रेमाने घेतले की डोळ्यांसमोर राहावेत म्हणून घेतले, याबद्दल मला शंका आहे.

काम संपल्यावर दादा मला कापडी पिशवीत घालून बरोबर नेई. म्हणून त्या दिवशी दवाखान्याच्या खोलीत मीही होते. डॉक्टरबाईंसमोर भावोजी, धाकटी आणि दादा ओळीने बसले होते.

"मला सगळी सोडणं झेपत नाही," भावोजी म्हणाले. "सोडली की मी तिचाच विचार करतो. आठवड्यातून एकदा, ठरवून, मापानं घेतली तर? लपवून नाही. सांगून."

दादाच्या नाकातून एक आवाज निघाला.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "बऱ्याच जणांना पूर्ण बंद करणंच सोयीचं पडतं. काहींना कमी करत नेणं जमतं. तुम्ही कुठल्या गटातले ते मी आज छातीठोकपणे नाही सांगू शकत. करून पाहायचं तर माझ्या देखरेखीखाली. बाटली तुमच्या ताब्यात नको, आणि माझ्याशी खोटं बोलायचं नाही. जमलं नाही तर आपण पुन्हा पूर्ण बंदकडे वळू."

बाटली ठेवायची कुणाकडे, हा प्रश्न जिन्यात निघाला.

"शेजारच्या काकांकडे ठेवू," धाकटी म्हणाली.

"त्या काकांना कुणीही गोड बोलून गुंडाळतं," दादा म्हणाला. "माझ्याकडे राहील. माझ्या पेटीत."

धाकटी थबकली. "दादा, तुझ्याकडे? तुला झेपेल?"

"मला तर नुसत्या वासानं मळमळतं."

"डॉक्टरबाईंना विचारूया का? तू पूर्वी..."

"त्यांचा पेशंट मी आहे का?"

भावोजी हळूच म्हणाले, "मांजरापासून दूध राखायला वाघ बसवताय." पण हसले ते एकटेच. धाकटीने दादाकडे पाहिले आणि होकाराची मान हलवली. तिचा निर्णय साधा होता. आता ज्या घराचे काम चालले होते ते पूर्ण होईपर्यंत भावोजींनी माप पाळले, तर ती मुलीला घेऊन परत येणार. नाही पाळले, तर कायमची आईकडेच राहणार. पाळले की नाही, हे दादा सांगेल तेच खरे.

मित्रांनो, असे एका माणसाचे घर दुसऱ्याच्या जिभेवर येऊन बसले.

आमची हत्यारांची पेटी मोठी होती, दोन बाजूंना दोन कड्या असलेली. तिच्या तळाशी गोणपाटात गुंडाळून ती चपटी रुंद बाटली ठेवली आणि शेजारी मला. आठवड्याच्या शेवटी काम आटोपले की दादा फरशी कापायच्या टेबलावर आधी मला ठेवायचा. टेबल सपाट आहे अशी खात्री झाली की त्यावर बाटली ठेवून भावोजींसमोर माप ओतायचा. मग उरलेल्या दारूच्या पातळीवर बाटलीला बाहेरून चिकटपट्टीचा एक बारीक तुकडा लावायचा. भावोजी सावकाश पीत, पेला पालथा घालत आणि "बास" म्हणत. असे काही आठवडे गेले.

माझा त्यांच्यावर विश्वास नव्हता. ते कामावर शीळ घालू लागले होते, आणि शीळ घालणारा माणूस मला कधीच सपाट वाटत नाही. तोंडात सारखी वेलची. दुपारी डबा घेऊन इमारतीच्या मागे जाऊन बसत. दादाही डोळ्यांत तेल घालून पाहत असे. दिवसातून दहादा काहीतरी कानात सांगायचे निमित्त काढून तो भावोजींच्या तोंडाजवळ जाई.

"दादा, नाक जरा लांब धरा," भावोजी म्हणाले. "सिमेंट जाईल आत, आणि तिथंच घट्ट होईल."

"तुम्ही मागे का जेवता?"

"इथं जेवलो तर तुम्ही माझी भाजीसुद्धा हुंगता म्हणून."

आठवड्यातून एकदा पाहणे दादाला पुरेना. तो रोज बाटली तपासू लागला. घरात अजून दारे बसायची होती, फक्त खालच्या बाथरूमचे दार लागत होते. तेव्हा भावोजी मागे जेवायला गेले की दादा बाटली घेऊन बाथरूममध्ये जाई आणि कडी लावून घेई. बाटली फरशीवर ठेवून उकिडवा बसून पाहत राही. कधी घाईत तो मलाही बाटलीबरोबर गोणपाटात गुंडाळून आत नेई आणि भिंतीला उभी टेकवून ठेवी, म्हणून मला हे सांगता येते.

एका दुपारी बाटलीतली पातळी पट्टीच्या खाली दिसली. फरक केसाएवढाच होता. दुसऱ्या कुणाला तो दिसला नसता, पण दादाची नजर केसभर फरक शोधण्यातच तयार झालेली होती. त्याच्या मनात पाल चुकचुकली. माझ्याही.

तरी तो बोलला नाही. खात्री केल्याशिवाय बोलणाऱ्यांतला तो नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिले, तर पातळी पट्टीच्या वर! तीही केसाएवढीच. दादाने कपाळाला हात लावला. काल कमी आणि आज जास्त म्हणजे काय? म्हणजे यांनी प्यायली आणि वर पाणी ओतले! त्याला दुसरे काही सुचेना.

पाणी घातले आहे की नाही हे कसे ओळखायचे? त्याने झाकण उघडून वास घेतला. वासावरून काही कळेना. पुन्हा वास घेतला. मग बाटलीच्या तोंडाला बोट लावले आणि ते बोट कितीतरी वेळ तसेच हवेत धरले. मला वाटले, आता तो ते पँटला पुसेल.

त्याने ते जिभेला लावले.

"एका थेंबानं काय समजणार," तो स्वतःशीच पुटपुटला आणि झाकणभर ओतून घेतली. तोंड वेडेवाकडे केले. मग भिंतीला टेकून बसला.

हे पिणे नव्हते, तपासणे होते. निदान दादाने स्वतःला तसेच सांगितले असावे. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा तपासले. तिसऱ्या दिवशी भावोजी मागे जाण्याचीही त्याने वाट पाहिली नाही. माझ्या मनात अजून भावोजींचीच शीळ घोळत होती. पेटीत तळाशी शेजारी पडलेली बाटली दिवसेंदिवस हलकी होत होती, आणि मी मात्र इमारतीच्या मागच्या बाजूकडे कान लावून होते.

आठवड्याचा शेवट आला. घराचे कामही संपत आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी येणार होती. दादाने टेबलावर बाटली ठेवली. पातळी पट्टीच्या दोन बोटे खाली होती.

भावोजींची शीळ थांबली. "दादा, ही कमी आहे."

"ते तुम्हाला ठाऊक."

"म्हणजे?"

"म्हणजे पिता आणि वर पाणी ओतता. मी रोज बघतोय. एक दिवस खाली, एक दिवस वर. उद्या धाकटीला सगळं सांगणार आहे मी."

भावोजींचा चेहरा पांढरा पडला. ते ओरडले असते, तर मला नवल वाटले नसते. पण त्यांनी विचारले, "कुठं ठेवून बघता?"

"खालच्या बाथरूममध्ये."

"बाथरूममध्ये," भावोजींनी सावकाश तो शब्द पुन्हा उच्चारला. त्यांनी मला एका हातात आणि बाटलीला दुसऱ्या हातात घेतले आणि खाली गेले. दादा मागोमाग आला. भावोजींनी मला फरशीवर ठेवले. माझा बुडबुडा सरळ एका रेघेबाहेर जाऊन बसला. बाथरूमची फरशी कधी सपाट करतात का, मित्रांनो? पाणी जाळीकडे वाहून जावे म्हणून तिला ढाळ द्यावा लागतो. तो ढाळ या दोघांनीच दिला होता.

भावोजींनी पातळीवर नवी पट्टी लावली आणि बाटली फरशीवर ठेवली. पट्टीची बाजू भिंतीकडे होती तेव्हा पातळी केसभर खाली दिसली. बाटली फिरवून पट्टी जाळीकडे केली, तर केसभर वर.

"आयुष्यभर लोकांना ढाळ देत आलात दादा," भावोजी म्हणाले. "आणि स्वतः ढाळावर बसून माझं माप काढलंत?"

उकिडवा बसून दादाने स्वतःच्या हाताने बाटली फिरवली, एकदा आणि पुन्हा एकदा. केसाचा हिशेब लागला होता. पण दोन बोटांचा? ढाळाने दोन बोटे दारू कमी होत नाही. भावोजी हेच विचारायला खाली वाकले. त्यांचे तोंड दादाच्या तोंडाजवळ आले आणि ते तसेच थांबले. त्यांचे नाक एकदा हलले.

मग त्यांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला. "कधीपासून?" एवढेच विचारले.

दादाने मान खाली घातली. "चव बघत होतो," तो म्हणाला. "पाणी आहे का ते."

त्याचा आवाज असा होता की मला माझीच काच तडकल्यासारखे वाटले.

मी तेव्हाही संशयच घेतला. मला वाटले, आता भावोजींना आयते हत्यार सापडले. उद्या ते सांगतील, दादाच प्यायला, आणि मोकळे होतील. किंवा दोघे मिळून मूग गिळून बसतील, कारण आता दादाचे गुपित भावोजींच्या खिशात होते आणि भावोजींचे घर दादाच्या जिभेवर. भावोजी बाटली आणि मला घेऊन एकटेच टेबलापाशी गेले. पेला समोर होता. आजचे माप त्यांच्या हक्काचे होते. त्यांनी पेला उचलला, पालथा घातला आणि बाटली स्वतःच्या पिशवीत न ठेवता बांधकामाच्या राखणदाराकडे नेऊन दिली. "उद्या माझी बायको येईल, तिच्याच हातात द्या," ते म्हणाले. पेला मी टेबलावरून पाहिला, राखणदाराशी झालेले बोलणे खिडकीतून ऐकले, आणि तरीही पूर्ण खरे मानले नाही.

सकाळी धाकटी आली. पायरीवर उभी राहूनच तिने विचारले, "काय दादा? पाळलं का यांनी?"

भावोजी खाली बघून फरशीच्या फटीत सिमेंट भरत होते. त्यांनी मान वर केली नाही, तोंडही उघडले नाही.

"पाळलं," दादा म्हणाला. "त्यांनी पाळलं. मोडलं ते मी."

आणि त्याने सगळे सांगितले. ढाळाचे, पट्टीचे, बोटाचे, झाकणाचे. मध्येच भावोजींनी उठून त्याला पाणी दिले. धाकटी हातातल्या पिशवीसह पायरीवरच बसली. ती रडेल असे मला वाटले, पण ती रागावली.

"मी विचारलं होतं तुला झेपेल का म्हणून! एवढं तोंड उघडून 'नाही' म्हणता आलं नाही?" मग तिचा आवाज उतरला. "चूक माझीही आहे. मला माहीत होतं, तरी मी मान हलवली. कारण तुझ्याइतकं कडक दुसरं कुणी नव्हतं."

"आता काय?" भावोजींनी विचारले.

"आता दादा माझ्याबरोबर डॉक्टरबाईंकडे येणार. आत्ता, या कपड्यांवर. त्याच्यासाठी एक थेंबही जास्त आहे, हे तरी आज कळलं." ती भावोजींकडे वळली. "तुमचं मला अजून कळलेलं नाही. आज पाळलंत, उद्याचं माहीत नाही. तुमचं माप राहायचं की जायचं, ते बाईंसमोर बसून ठरवू."

"आणि तू?"

"मी येते घरी. भरवसा घेऊन नाही येत, मुलीला घेऊन येते. तेवढं पुरेल का?"

"पुरेल," भावोजी म्हणाले.

त्यानंतर बराच काळ गेला आहे. दादा त्या दिवसापासून नेमाने डॉक्टरबाईंकडे जातो आणि पुन्हा पूर्ण बंदवर आहे. भावोजींनी काही महिने माप ठेवले, मग कमी केले. आता तेवढेही घेतात की नाही, ते मला ठाऊक नाही. धाकटीला ठाऊक आहे, कारण ते तिला सांगतात. अबोला धरण्याइतकी भांडणे अजूनही होतात, असे कानावर येते. पूर्ण सोडणे खरे की मापात राहणे खरे, असे तुम्ही मला विचारलेत, तर मला उत्तर देता येणार नाही. माझ्याकडे दोनच रेघा आहेत आणि माणसे त्यांत मावत नाहीत. पण एक गोष्ट मी पाहिली. दादाने दवाखान्याच्या त्या खोलीत "मीही पीत होतो" एवढे म्हटले असते, तर ती बाटली पेटीत आलीच नसती.

आता नवीन यंत्र आले आहे. त्यातून लाल प्रकाशाची रेघ निघते आणि एका क्षणात चारही भिंती तपासून होतात. मी पेटीच्या तळाशी पडून असते. माझ्या काचेवर सिमेंटचा थर बसला आहे आणि आठवड्याच्या आठवडे कोणी मला हात लावत नाही. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे एखादे जुने हत्यार असेल, तर त्याला निदान कोरड्या फडक्याने पुसा आणि उंचावरून टाकू नका. मार लागल्यावर आम्ही ओरडत नाही, आतल्या आत चुकू लागतो. माणसांचेही थोडेफार तसेच असावे.

काल संध्याकाळी काम संपल्यावर पेटी उघडीच होती, तेव्हा दादा फरशी पुसता पुसता थांबला आणि कुणी न विचारता म्हणाला, "भावोजी, आज दुपारी फार मन झालं होतं."

भावोजींनी हात धुतले. "मलाही," ते म्हणाले. "चला, आपण दोघं चालत जाऊ."

मी वाट पाहिली. दोघांपैकी कुणीही दुसऱ्याचे तोंड हुंगले नाही. मित्रांनो, एवढे एक वाक्य बोलायला मोठी माणसे फार उशीर करतात. तुम्ही एवढा उशीर करू नका. आणि कुणी तुमच्यापाशी येऊन ते बोलले, तर त्याला आधी बसायला जागा द्या, मापे नंतर काढा.